९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत मैत्री करार: युद्धात त्याचा नेमका उपयोग काय झाला?

वाटसरू_सातारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डिसेंबर लागला की आमच्या सगळ्या ग्रुपांवर एकच मजकूर फिरू लागतो. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, सासरच्यांचा ग्रुप, सगळीकडे तोच. अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात घुसलं, अरबी समुद्रातून ब्रिटिश विमानवाहू नौका निघाली, इंदिराबाईंनी मॉस्कोला फोन लावला, 'करारात ठरल्याप्रमाणे' रशियन पाणबुड्या पाण्यातून वर आल्या आणि गोरे माघारी पळाले. शेवटी तिरंगा आणि 'अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा'.

या वेळी म्हटलं, करारच वाचू. ९ ऑगस्ट १९७१, नवी दिल्ली. सह्या दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांच्या, आपले स्वर्णसिंग आणि त्यांचे ग्रोमिको. कलमं अवघी बारा, मुदत वीस वर्षं. बराचसा मजकूर व्यापार, विज्ञान, संस्कृती, वसाहतवादाचा निषेध असा. कामाची कलमं तीन. आठवं म्हणतं, एकमेकांविरुद्धच्या लष्करी गटात शिरायचं नाही आणि आपली भूमी दुसऱ्याच्या विरोधात वापरू द्यायची नाही. नववं म्हणतं, आपल्या मित्राशी लढणाऱ्या तिसऱ्या देशाला मदत करायची नाही. आणि हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला तर ताबडतोब आपसात सल्लामसलत करून तो दूर करण्यासाठी योग्य ती पावलं उचलायची. दहावं, याच्याशी विसंगत असा करार, उघड किंवा गुप्त, कुणाशीही करायचा नाही.

बस. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला, असं नाटोसारखं वाक्य कुठेही नाही. उलट चौथ्या कलमात भारताच्या अलिप्ततेचा आपण आदर करतो असं सोव्हिएतांनी लिहून दिलं आहे.

तर प्रश्न असा: चार महिन्यांनी युद्ध झालं, त्यात या कागदाने केलं काय? करार नसता तर १६ डिसेंबरला ढाक्यात वेगळं काही घडलं असतं का? जाणकारांनी लिहावं. राजकीय पक्षांची धुणी इथे नकोत.

खडूस_पेठकर

फॉरवर्ड आल्यावर मूळ करार शोधून वाचणारा माणूस सासरच्या ग्रुपवर अजून टिकून आहे, हा खरा मैत्री करार.

चिंतोपंत_डोंबिवली

वाचतोय. जागा धरून ठेवली आहे.

मीनल_त

चांगला विषय. थोडं मागून सुरू करते.

हा करार १९७१ च्या उन्हाळ्यात सुचला असं अनेकांना वाटतं. मसुदा त्याच्या दोन वर्षं आधीचा. मार्च १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीवर रशियन आणि चिनी सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. जूनमध्ये सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी आशियाई सामूहिक सुरक्षेची कल्पना मांडली. त्याच वर्षी मॉस्कोत आपले राजदूत दुर्गाप्रसाद धर यांच्याशी या कराराची बोलणी झाली. तेव्हा निकड त्यांना होती. आपल्याकडे काँग्रेस फुटलेली, सरकार डाव्यांच्या आणि इतरांच्या टेकूवर उभं, त्यात चीनला कशाला डिवचायचं? कागद फायलीत गेला.

मग १९७१. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली आणि निर्वासितांचे लोंढे लागले. डिसेंबरपर्यंत आकडा एक कोटीच्या घरात गेला. जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर दिल्लीहून पाकिस्तानात गेले. तिथे त्यांचं पोट बिघडलं आहे, नथियागलीला विश्रांती घेत आहेत, अशी बातमी सोडण्यात आली. गृहस्थ ९ जुलैला बीजिंगमध्ये उतरले होते. १५ तारखेला निक्सन यांनी आपण स्वतः चीनला जाणार असल्याचं टीव्हीवर जाहीर केलं. त्याच सुमारास आपले वॉशिंग्टनमधले राजदूत एल. के. झा यांना किसिंजर यांनी बजावलं की चीन मध्ये पडला तर अमेरिकेच्या मदतीवर विसंबू नका.

१९६२ मध्ये चीनविरुद्ध अमेरिकेने आपल्याला शस्त्रं पाठवली होती. तो आधार जुलैत गेला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धर मॉस्कोत होते. जुनी फाईल उघडली, काही दिवसांत सह्या झाल्या. माझ्या मते करारातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर म्हणजे त्यावरची तारीख.

निळी_शाई

मीनलताई, उत्तम. तारखेवरून आठवलं, ९ ऑगस्ट म्हणजे क्रांतिदिन. गवालिया टँकवर हार घालून आलेले पुढारी संध्याकाळी रेडिओवर रशियाशी करार ऐकत बसले असतील.

नवव्या कलमाचा पहिला अर्धा भाग लोक वाचतच नाहीत. तिसऱ्या देशाला मदत नाही. १९६५ च्या युद्धात मॉस्को आपल्या बाजूने उभं राहिलं नव्हतं, मध्यस्थ झालं होतं. म्हणून तर ताश्कंदचा समझोता. आणि १९६८ मध्ये सोव्हिएतांनी पाकिस्तानला शस्त्रं विकायलाही सुरुवात केली होती. दिल्लीत तेव्हा केवढा गहजब झाला होता. या अर्ध्या वाक्याने ते दुकान लेखी बंद झालं.

मांडवीकाठ

मी पणजीहून. करारामुळे संयुक्त राष्ट्रांत रशियाने व्हेटो वापरला असं सगळे म्हणतात, त्यावर आम्हा गोंयकारांची एक हरकत नोंदवून घ्या.

१८ डिसेंबर १९६१. आपलं सैन्य गोव्यात शिरलेलं. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव, की भारताने ताबडतोब लढाई थांबवून माघार घ्यावी. सात मतं बाजूने, चार विरोधात. सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन यांनी व्हेटो वापरला आणि ठराव पडला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. तेव्हा कुठला करार होता? काश्मीरवरही त्याआधी आणि नंतर व्हेटो मिळालेच होते.

मग १९७१ मध्ये व्हेटो मिळाला तो करारामुळे, हे कशावरून?

खडूस_पेठकर

बिनतोड. पेठेत आलात तर चहा माझ्याकडून.

(अर्धा कप.)

कागदोपत्री

मांडवीकाठ, मुद्दा जोरदार आहे, पण १९६१ आणि १९७१ च्या मध्ये १९६५ येतं, हे निळी_शाई यांनी वरच लिहिलंय. दोस्ती होती, तिची खात्री देता येत नव्हती.

आणि १९७१ चे व्हेटो स्वस्त नव्हते. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. ४ तारखेपासून सुरक्षा परिषदेत तात्काळ युद्धबंदी आणि माघारीचे ठराव. पहिल्या ठरावाला अकरा मतं, विरोधात फक्त सोव्हिएत युनियन आणि पोलंड, ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ. सोव्हिएत प्रतिनिधी मलिक यांनी व्हेटो वापरला. लगेच दुसरा. १३ तारखेला तिसरा. मधे ७ डिसेंबरला आमसभेत मतदान झालं: १०४ देश युद्धबंदीच्या बाजूने, ११ विरोधात, १० तटस्थ. आपण ज्यांना अलिप्त चळवळीतले भाऊबंद म्हणत होतो त्यांतले बहुतेक त्या १०४ मध्ये होते.

१०४ विरुद्ध ११ असं असताना पुन्हा हात वर करायचा, तर एका महासत्तेलाही घरी काहीतरी कारण सांगावं लागतं. चार महिन्यांपूर्वी सही केलेला मैत्री करार हे ते कारण.

तात्या_धरमपेठ

हे सगळं गोड गोड चाललंय, म्हणून थोडी मिरची.

करार झाला त्या दिवशी अलिप्ततावाद संपला. चौथ्या कलमात काय लिहायचं ते लिहा. आठव्या आणि दहाव्या कलमाने आपण आपलेच हात बांधून घेतले, आणि किंमत १९७९ मध्ये मोजली. सोव्हिएत रणगाडे अफगाणिस्तानात घुसले, जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपल्या प्रतिनिधीने असं भाषण केलं की मॉस्कोलाही आश्चर्य वाटलं असेल, आणि मतदानात आपण तटस्थ. शेजारी देश गिळला जातोय आणि आम्ही गप्प. काहून? तर मैत्री.

तेरा दिवसांच्या युद्धासाठी वीस वर्षांचं मिंधेपण, हा सौदा मला महाग वाटतो.

मीनल_त

तात्या, १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हाही सुरक्षा परिषदेत भारत तटस्थच राहिला होता. तेव्हा करार नव्हता. त्यामुळे मिंधेपणा म्हणायचाच तर तो कराराच्या आधीचा, शस्त्रांतून आलेला.

आणि १९७७ चं काय? जनता सरकार आलं, मोरारजीभाई 'खरी अलिप्तता' म्हणत आलेले, परराष्ट्र खात्यात वाजपेयी. दोघांचाही मॉस्कोप्रेमी म्हणून लौकिक नव्हता. एप्रिलमध्ये ग्रोमिको दिल्लीला आले, आणि करार जसाच्या तसा राहिला. विरोधात असताना बोचणारा कागद सत्तेत आल्यावर त्यांनाही फाडावासा वाटला नाही.

तात्या_धरमपेठ

फाडला नाही म्हणजे आवडला असं होत नाही ताई. लग्नाचा अल्बमही कुणी फाडत नाही.

खडूस_पेठकर

तात्या, वहिनी इथे वाचतात का?

दर्यावर्दी

नौदलात नोकरी झाली, निवृत्तीला बरीच वर्षं झाली. ७१ ला मी शाळेत होतो, त्यामुळे मर्दुमकीची अपेक्षा नको. पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते त्या बोटींवरचे.

४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटींनी. ओसा जातीच्या, सोव्हिएत बनावटीच्या, वर स्टिक्स क्षेपणास्त्रं. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. चार दिवसांनी विनाशने पुन्हा जाऊन कराचीच्या तेलटाक्या पेटवल्या. ४ डिसेंबर हा नौदल दिन त्यावरूनच.

मुद्दा असा की या आठ बोटींचा सौदा कराराच्या कितीतरी आधीचा. १९७१ च्या पूर्वार्धात त्या भारतात येऊनही पोचल्या होत्या. मुंबईत त्या उतरवण्याएवढी मोठी क्रेन नव्हती, म्हणून कलकत्त्याला उतरवून तिथून ओढत मुंबईला आणल्या. आपले अधिकारी आणि खलाशी आधीच व्लादिवोस्तोकला जाऊन, कडाक्याच्या थंडीत, रशियन भाषा शिकून प्रशिक्षण घेऊन आले होते. मूळ कल्पना बंदरांच्या रक्षणाची. या बोटी ओढत नेऊन कराचीवर सोडायच्या ही अक्कल आपली. त्या रात्री रेडिओवर आपली पोरं रशियनमध्ये बोलत होती, म्हणजे कुणी ऐकलं तरी घोळ व्हावा, हा किस्सा आमच्याकडे सगळ्यांना पाठ असे.

म्हणून 'करारामुळे शस्त्रं मिळाली' हे अर्धवट आहे. सुटे भाग आणि दारूगोळा चालू राहील याची हमी मात्र मिळाली, आणि युद्धात ती फार मोठी गोष्ट असते. १९६५ मध्ये अमेरिकेने दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडला होता, ते आमच्या वरिष्ठांच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं.

विजयाच्या गप्पांत आपली युद्धनौका खुकरी विसरू नका. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन मुल्ला जहाज सोडून आले नाहीत.

चिंतोपंत_डोंबिवली

_/\_

ओझरची_सून

दर्यावर्दी काकांशी सहमत. आमच्या ओझरचा मिग कारखाना १९६४ चा, मिग-२१ चा करार १९६२ चा. सासरे तिथे होते. कारखान्यात रशियन तंत्रज्ञ कुटुंबांसह राहायचे. सासूबाई अजून सांगतात, त्या बायका नाशिकच्या बाजारात बोटांनी दाखवून भाव करायच्या आणि द्राक्षं पेटीने न्यायच्या.

१४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला केला त्यात मिग-२१ होती. बैठक चालू असताना छतावर रॉकेटं पडली आणि पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरने तिथल्या तिथे राजीनामा लिहिला. त्या दिवशी ओझरला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

भाऊ_चामोर्शी

थोडं अवांतर. आमच्या गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेले, पण ७१ चे नाहीत, त्याच्या आधीचे. सरकारने जंगलात जमिनी देऊन वसवले. आता त्यांची पोरं आमच्यापेक्षा बरी मराठी बोलतात आणि दुर्गापूजेला आम्ही सगळे तिथेच असतो. त्यामुळे आमच्याकडे पूर्व बंगालचं दुःख ७१ च्या आधीच पोचलं होतं.

अजून एक. जुन्या पत्रांवर 'रिफ्युजी रिलीफ' छाप मारलेलं पाच पैशांचं तिकीट पाहिलंय का कुणी? नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पत्राला ते जादा लावावं लागे. घाईत छापायचं म्हणून पाच पैशांच्या कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच शिक्का मारून चालवलं. अर्थमंत्री आपले यशवंतराव. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत आहेत, विकणार नाही, विचारू नका.

निळी_शाई

भाऊ, विचारणारच होतो.

शशी_टोरांटो

अवांतरात माझी भर. मैत्रीचा आम्हाला मिळालेला हिस्सा म्हणजे पुस्तकं. प्रगती, रादुगा, मीर. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं आणि किंमत अशी की शाळकरी पोरगा खाऊच्या पैशांत घेईल. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात वडील सोडून द्यायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. मीरची भौतिकशास्त्राची पुस्तकं इंजिनिअरिंगला पुरली. इथे कॅनडात एका रशियन सहकाऱ्याला सांगितलं की आम्ही तुमच्या लोककथा मराठीत वाचून वाढलो, तर त्याचा विश्वास बसेना.

चौलकर

अवांतराचा कळस मीच करतो. रशियन माणूस आमच्याकडे पंधराव्या शतकातच आला होता. अफनासी निकितिन, त्वेरचा व्यापारी. चौलला उतरला, तिथून जुन्नर, बीदर. एक घोडा विकायला आणला होता, तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि मुसलमान हो तर परत देतो म्हणाला. शेवटी घोडा मिळाला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, अलिबागला आलात तर बघून जा.

खडूस_पेठकर

म्हणजे रशिया-भारत लष्करी व्यवहार सुरू झाला तो जप्त झालेल्या घोड्यापासून. आणि सुटे भाग तेव्हाही मिळाले नसणार.

कागदोपत्री

मंडळी, घोडा बांधा आणि मूळ विषयाकडे या. :)

आरमाराचं बघू. एंटरप्राइझ ही अमेरिकन विमानवाहू नौका आणि तिच्या सोबतच्या नौकांना, म्हणजे टास्क फोर्स ७४ ला, १० डिसेंबरला हुकूम मिळाला. ताफा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बंगालच्या उपसागरात शिरला १५ डिसेंबरला. १६ ला दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींनी शरणागतीवर सही केली, ९३ हजार युद्धकैदी. सोव्हिएत ताफे व्लादिवोस्तोकहून ६ आणि १३ डिसेंबरला निघाले. अमेरिकन ताफ्याचा माग त्यांनी काढला तो १८ डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा. म्हणजे पाणबुड्या दाखवून अमेरिकनांना पळवलं वगैरे जे म्हणतात, त्या वेळी लढाई संपून दोन दिवस झाले होते.

ब्रिटिश ताफ्याच्या कथेबद्दल एवढंच: ब्रिटन सुरक्षा परिषदेत आपल्या विरोधात मतसुद्धा देत नव्हतं. ते कशाला जहाजं पाठवतील?

वाटसरू_सातारकर

कागदोपत्री, हे सासरच्या ग्रुपवर टाकू का?

खडूस_पेठकर

टाका. दिवाळीत तुम्हाला इकडे जेवायला बोलावू.

निळी_शाई

एक बाजू राहतेय. सोव्हिएतांनी कराराकडे पाहिलं ते युद्धाची परवानगी म्हणून नव्हे. ऑगस्टमध्ये त्यांना वाटत होतं की करार केला की भारत शांत बसेल, लढाई टळेल. सप्टेंबरच्या अखेरीस इंदिराबाई मॉस्कोला गेल्या, ब्रेझनेव्ह, कोसिगिन, पोदगोर्नी या तिघांशी बोलल्या, त्यानंतर त्यांचा सूर बदलू लागला. ऑक्टोबरमध्ये उपपरराष्ट्रमंत्री फिर्युबिन दिल्लीला आले, ती नवव्या कलमाखालची सल्लामसलत.

आणि युद्ध सुरू झाल्यावरही लगाम होताच. १२ डिसेंबरला सोव्हिएत दूत कुझनेत्सोव दिल्लीत येऊन बसले होते. व्हेटो किती दिवस वापरत राहणार, लवकर आटपा, आणि पश्चिम पाकिस्तानात पुढे सरकणार नाही ना ते सांगा, असा त्यांचा रोख. दुसरीकडे धर मॉस्कोत. १७ तारखेला आपण पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धबंदी केली त्यामागे बरीच कारणं आहेत, पण मॉस्कोला नाराज न करणं हे त्यातलं एक नक्की.

तात्या_धरमपेठ

बघा. मी हेच म्हणत होतो. दोर दोन्ही बाजूंनी ओढला जातो.

गणिताचे_मास्तर

उशिरा आलो, पण वर्गपाठ करून आलो. सोव्हिएतांचे मैत्री करार एका रांगेत ठेवून पाहू.

एप्रिल १९४१, युगोस्लाव्हिया. मॉस्कोत मध्यरात्रीनंतर सह्या झाल्या, तारीख ५ घातली. ६ तारखेच्या सकाळी जर्मन विमानांनी बेलग्रेड भाजून काढलं. करारात होतं काय, तर हल्ला झाला तरी मैत्रीचे संबंध राखू. तेही फार दिवस राखले नाहीत.

१९५०, चीन. तीस वर्षांचा करार, एकोणीस वर्षांत उसुरीवर गोळीबार.

मे १९७१, इजिप्त. आपल्याआधी अडीच महिने. पुढच्या वर्षी सादातनी सोव्हिएत लष्करी सल्लागारांना घरी पाठवलं, १९७६ मध्ये करारच रद्द केला.

नोव्हेंबर १९७८, व्हिएतनाम. आपल्या नवव्या कलमाचा भाऊ शोभेल असं कलम. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीन व्हिएतनाममध्ये घुसला. सोव्हिएतांनी जहाजं पाठवली, सामान पाठवलं, सीमेवर चीनविरुद्ध आघाडी उघडली नाही.

डिसेंबर १९७८, अफगाणिस्तान. या मैत्री कराराचा आधार दाखवूनच वर्षभराने सैन्य आत आलं. मित्राला वाचवायला आले आणि त्याच मित्राच्या राष्ट्राध्यक्षाला ठार केलं.

म्हणजे जवळजवळ सारखाच साचा, निकाल पाच तऱ्हांचे. कलमांवरून उत्तर काढायला गेलात तर गणित सुटत नाही. पाहायचं ते एवढंच: सहीच्या दिवशी समान शत्रू कोण होता, आणि तो किती जवळ होता. १९७१ मध्ये चीनच्या उत्तर सीमेवर लाखो सोव्हिएत सैनिक उभे होते, ते आपल्यासाठी नव्हतेच. पण बीजिंगला मोजताना ते धरावे लागत होते.

मांडवीकाठ

मास्तर, हे पटलं. मग माझा गोव्याचा मुद्दाही यात बसतो. १९६१ मध्ये आपल्याविरुद्ध चीन येण्याची भीती नव्हती, म्हणून व्हेटो पुरला. १९७१ मध्ये व्हेटोच्या पलीकडचं काहीतरी लागणार होतं.

मीनल_त

अगदी. आणि याचा पुरावा अमेरिकेच्याच खुल्या झालेल्या कागदांत आहे. १० डिसेंबरला किसिंजर न्यूयॉर्कमध्ये चिनी प्रतिनिधी हुआंग हुआ यांना गुपचूप भेटले आणि तुम्ही भारताविरुद्ध काही हालचाल केलीत आणि त्यात दुसऱ्यांनी ढवळाढवळ केली तर आम्ही तिला विरोध करू, असं सुचवलं. दोन दिवसांनी चीनचा निरोप आला तेव्हा व्हाइट हाऊसला वाटलं, चीन उतरतोय. निरोप निघाला संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावाबद्दल. चीनने भाषणं जोरदार केली, सैन्य हललं नाही.

बर्फाने खिंडी बंद होत्या हे खरं आहे. माणेकशांनी हिवाळ्यापर्यंत थांबण्यामागे ते कारण होतंच. त्याच वेळी चीनमध्ये संरक्षणमंत्री लिन बियाओ यांच्या प्रकरणाने सेनाधिकाऱ्यांत उलथापालथ चालली होती. बर्फ, ही उलथापालथ आणि करार, या तिन्हींतलं कशाने किती रोखलं याचं वजन कुणीच करू शकणार नाही. पण चीनच्या सीमेसाठी उभारलेल्या पहाडी डिव्हिजनांपैकी काही काढून पूर्व आघाडीवर लावण्याचं धाडस आपण केलं. बर्फ आणि करार, दोन्ही हिशेबात नसते तर ते केलं असतं का, असं धागाकर्त्यांनी विचारायला हवं होतं.

वाटसरू_सातारकर (धागाकर्ता)

विचारलं असं समजा. :)

सगळ्यांचं वाचून माझं मत इथवर आलंय. ढाका जिंकलं ते आपल्या सैन्याने, मुक्तिबाहिनीने आणि करारापूर्वी विकत घेतलेल्या शस्त्रांनी. त्यात कराराचं एकही कलम लढलं नाही. पण ऑगस्टनंतर काही गोष्टी व्हायच्या राहिल्या. मॉस्को पुन्हा ताश्कंदसारखं मधे बसलं नाही, पाकिस्तानला रशियन शस्त्रं गेली नाहीत, चीन उतरला नाही, आणि पहिल्याच दिवशी युद्धबंदी लादली गेली नाही. १९६५ मध्ये सतरा अठरा दिवस लढून आपण जिथे होतो तिथे परत आलो होतो. या वेळी तेरा दिवस पूर्ण मिळाले. त्यांतले निदान आठ-नऊ दिवस मी कराराच्या खात्यावर मांडीन.

तात्यांचा अफगाणिस्तानचा मुद्दा मी खोडू शकत नाही.

तात्या_धरमपेठ

एवढं मान्य केलंत, बस झालं बाप्पा. आता माझ्याकडून एक कबुलीवजा भर: मार्च १९७२ मध्ये हाच साचा घेऊन आपण बांगलादेशाशी पंचवीस वर्षांचा मैत्री करार केला. तिथे मोठा भाऊ आपण होतो. १९९७ मध्ये मुदत संपली, आणि दोघांपैकी कुणालाच तो वाढवावासा वाटला नाही. तिकडच्या लोकांना तो तसाच टोचत होता जसा मला हा.

चिंतोपंत_डोंबिवली

आता लिहितो. शेवट कुणी सांगितला नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षं भरली, कराराची मुदत वाढली आणि त्याच महिन्यात मॉस्कोत बंड झालं. डिसेंबरात सोव्हिएत युनियनच उरलं नाही. जानेवारी १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा रशियाशी नवा करार झाला, त्यातून नवव्या कलमातलं ते संरक्षणाचं आश्वासन गळलं.

मी बँकेत परकीय चलन विभागात होतो. आमच्यासाठी त्या भेटीतली मोठी बातमी कर्जाची होती. शस्त्रांचं रुबलमधलं कर्ज कुठल्या दराने फेडायचं यावर दोन वर्षं घासाघीस चालली होती, कारण रुबल पार झोपला होता. ठरलं असं की एक भाग बारा वर्षांत आणि उरलेला पंचेचाळीस वर्षांत, बिनव्याजी. फेड रुपयांत, आणि त्या रुपयांत रशियाने आपला माल घ्यायचा: चहा, औषधं, चामड्याच्या वस्तू.

गणिताचे_मास्तर

१९९३ अधिक ४५. म्हणजे २०३८ पर्यंत हप्ते?

चिंतोपंत_डोंबिवली

कागदावर तसंच होतं मास्तर. मी त्याच्या बऱ्याच आधी निवृत्त झालो.